विदर्भातल्या सपाट जमिनीसाठी कॅमेरा आणि लेन्स: निकॉन झेड ५, २४-१२० आणि जुनी ७०-२०० लेन्स दीड वर्ष वापरून

लँडस्केप करायचंय म्हटलं की पहिलं ऐकायला मिळतं ते एकच, वाइड लेन्स घे, म्हणजे खूप रुंद दृश्य मावणारी. मीही घेतली होती, निकॉन डी ७२०० वर टोकिना ११-१६, आणि तीन वर्षं झिल्पी, खिंडसी, गोरेवाडा अशा नागपूरच्या आसपासच्या तलावांवर बहुतेक तीच लावून फिरले. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं की अर्धा फोटो रिकामं आभाळ, अर्धा फोटो रिकामं पाणी, आणि मधे डोंगर म्हणजे पेन्सिलनं मारलेली एक बारीक रेघ. मला वाटायचं आपल्यालाच जमत नाहीये. मग एकदा पहाटे झिल्पीच्या काठावर एक काका भेटले, वर्षानुवर्षं फोटो काढणारे, त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "अगं बेटा, आपल्याकडे पहाड आहेत कुठं, एवढ्या वाइडमधे तू भरशील काय?" आणि स्वतःची लांब लेन्स माझ्या हातात दिली. पलीकडच्या काठावरची झाडं, त्यांच्यामागं धुकं, त्याच्यामागं टेकडीची कड, तिन्ही गोष्टी एकावर एक आल्या. तो फोटो अजून माझ्या हॉलमधे लागलाय.

त्यामुळे हा रिव्ह्यू मी उलट क्रमानं लिहून राहिलीये, आधी जमीन, मग लेन्स, मग बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. बहुतेक लोक बॉडीपासून सुरू करतात आणि पैसे तिथंच संपतात.

नवीन काही घ्यायच्या आधी मी एक काम केलं, ते सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. तीन-चार वर्षांतले जे फोटो मला स्वतःला खरंच आवडतात, प्रिंट करावेसे वाटतात, असे वेगळे काढले, ६४ निघाले. मग एकेकाचं फोकल लेंग्थ पाहिलं, म्हणजे लेन्स किती लांबचं ओढते तो एमएममधला आकडा, फाइलमधे लिहिलेलं असतंच ते. टोकिनाचे फक्त ९. उरलेले सगळे १८-१४० या किट लेन्सचे, आणि त्यातलेही तिसाच्या वर ५० ते १४० मधले. डी ७२०० चा सेन्सर लहान आहे, दीड पटीचा हिशोब, म्हणजे फुल फ्रेमवर, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ते ७५ ते २१० होतात. मी स्वतःला वाइडवाली समजत होते आणि माझे फोटो सांगत होते की मी टेलिवाली, लांबचं जवळ ओढणारी, आहे.

आणि कारण काही गूढ नाही. मनसरवरून रामटेककडे जाताना शेतांच्या मागं गडावरचं मंदिर दिसतं ना, डोळ्याला ते मोठं वाटतं कारण आपलं लक्ष तिथंच असतं. २४ एमएमला लेन्स आडवी जवळपास ७४ अंश पाहते, त्यात मंदिर म्हणजे टिकलीएवढं. १२० एमएमला तीच लेन्स १७ अंशच पाहते, मग गड उभा राहतो, खालची पऱ्हाटी दिसते, मधली बाभळीची रांग दिसते. सह्याद्रीत तुमच्या पायाशीच कडा असतो, तिथं वाइडला काम आहे. आपल्याकडं जमीन लांबपर्यंत सपाट आणि बघायचं ते दूर. फेब्रुवारी-मार्चमधे पळस फुलला की तो एकटा लाल ठिपका मागच्या वाळलेल्या सागवानातून वेगळा काढायला ७० च्या वरचीच लेन्स लागते, वाइडमधे तो गवतात हरवून जातो.

तर आता घेतलं काय ते सांगते. बॉडी निकॉन झेड ५, सेकंडहँड. लेन्स झेड २४-१२० एफ ४ एस, नवीन. आणि जुन्या एफ माउंटची, म्हणजे जुन्या जोडणीची, एएफ-एस ७०-२०० एफ ४, सेकंडहँड, ती झेडला जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून. दहा रुपयांतले साधारण सहा लेन्सवर गेले, एक ट्रायपॉडवर, उरलेले बॉडीवर.

२४-१२० वर मी जीव टाकते, हे आधीच सांगून टाकते. ६३० ग्रॅम, पूर्ण झूममधे एफ ४ तोच राहतो (एफ म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं तो आकडा, आकडा लहान तितकं भोक मोठं), आणि जवळचं फोकस ३५ सेंटीमीटर, तेही सगळ्या झूमला, म्हणजे समोर दवानं भिजलेलं धानाचं लोंबट असेल तर १२० वर ठेवून त्याच्याही जवळ जाता येतं. कोपरे एफ ८ ला इतके स्वच्छ की माझ्या किट लेन्सच्या मधल्या भागाएवढे वाटले मला. लँडस्केपला तसंही एफ ८ ते एफ ११ मधेच राहायचं, एफ १६ च्या पुढं गेलं की डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरून, फोटो मऊ पडायला लागतो, लेन्स कितीही महाग असो. २४ एमएम, एफ ११, फोकस पावणेदोन-दोन मीटरवर, की साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प. हे एक गणित पाठ केलं आणि माझे निम्मे फोटो सुधारले, त्याला एक पैसा लागला नाही.

अजून एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. या लेन्सचा फिल्टर, म्हणजे पुढं लावायची काच, ७७ एमएम. माझ्या टोकिनाचाही ७७ च होता, म्हणजे माझा पोलरायझर आणि उजेड कमी करणारा एनडी, दोन्ही तसेच्या तसे लागले. ७०-२०० एफ ४ चा ६७, तिला मोठा फिल्टर बसवणारी एक साधी स्टेप-अप रिंग घेतली, संपला विषय. चांगला पोलरायझर स्वस्त नसतो, आणि पाण्याजवळ काम करणाऱ्याला तो लागतोच, पाण्यावरची चकाकी काढायला, पावसानंतरच्या पानांचा खरा हिरवा बाहेर काढायला, हे नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. फक्त तो सूर्याला काटकोनात सगळ्यात जास्त चालतो, म्हणून फार वाइडवर लावला की आभाळात एका बाजूला काळपट डाग येतो, माझे खिंडसीचे जुने कितीतरी फोटो असे वाया गेलेत.

१४-३० एफ ४ एस पण मी दोन आठवडे वापरून पाहिली, मैत्रिणीची. खरंच सुंदर लेन्स आहे, ४८५ ग्रॅम, १४ पासून सुरू होऊनही पुढं सपाट फिल्टर लागतो, बंद करून बॅगेत टाकली तर छोटीशी. चिखलदऱ्याला घेऊन गेले, दरीच्या काठावर, ढग खालून वर येताना, तिथं तिनं जे दिलं ते माझी २४-१२० देऊच शकत नाही. पण फिल्टर ८२ एमएम, म्हणजे सगळे फिल्टर परत घ्या. आणि चिखलदऱ्याला मी वर्षातून एकदा जाते, अंभोऱ्याला आठ वेळा. हिशोब मला इथंच कळला. तुम्ही मेळघाटात राहत असाल किंवा देवळांच्या, किल्ल्यांच्या आतले फोटो काढत असाल तर १४-३० डोळे मिटून घ्या, माझ्यासाठी ती भाड्यानं घ्यायची लेन्स आहे.

अंभोऱ्याचं म्हणाल तर तिथं ७०-२०० शिवाय मी जातच नाही आता. पाच नद्यांचा संगम, गोसेखुर्दचं पाणी आल्यापासून समोर समुद्रासारखं पसरलेलं, आणि तो नवीन केबलचा पूल. टेकडीवर उभं राहून १५०-२०० एमएमला पाहिलं की पाण्यावरच्या नावा, मधलं बेट, मागच्या टेकड्या असे थर थर दिसतात. या लेन्सची गंमत अशी की तिची एफ २.८ वाली मोठी बहीण दीड किलोच्या आसपास जाते, ही ८५० ग्रॅम. लँडस्केपला एफ २.८ कशाला पाहिजे, आपण एफ ८ वरच असणार. बाजारात लोक झेडसारख्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेल्यामुळं जुन्या एफ माउंटच्या अशा लेन्स फार चांगल्या भावात मिळून राहिल्यात. एकच आहे, ट्रायपॉडची कॉलर तिच्यासोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते, आणि ती घ्याच, नाहीतर सगळं वजन अडॅप्टरवर आणि माउंटवर लटकतं आणि वाऱ्यात हलतं.

अडॅप्टरबद्दल एक धोक्याची गोष्ट. एफटीझेडमधे फोकसची मोटर नाहीये. ज्या लेन्समधे स्वतःची मोटर आहे, म्हणजे एएफ-एस वगैरे, त्या मस्त चालतात, पण जुन्या एएफ-डी लेन्स किंवा माझ्या टोकिनाचं पहिलं व्हर्जन, या मॅन्युअल होऊन जातात. वर टोकिना डीएक्सची, लहान सेन्सरसाठीची, म्हणजे फुल फ्रेमवर कापून जेमतेम १० मेगापिक्सलचा फोटो. घरात जुन्या लेन्स आहेत म्हणून झेड घेणाऱ्यांनी एकेक लेन्सचं नाव नीट वाचून मगच पैसे द्यावे.

आता बॉडी. झेड ५ २०२० चा कॅमेरा आहे, २४ मेगापिक्सल, फुल फ्रेम, दोन एसडी कार्डांची जागा. सेकंदाला साडेचार फोटो, ज्यांना पक्षी किंवा वाघ करायचाय त्यांना हे कमी पडेल, २०२५ मधे याचा पुढचा झेड ५ टू आलाय, त्याचं फोकस फारच पुढचं आहे. पण माझा डोंगर पळत नाही. मला पाहिजे होतं सूर्य उगवताना सावलीतला रंग, आणि तो डी ७२०० पेक्षा नक्की जास्त मिळतो, १४ बिट रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ कच्ची फाइल, काढायची, आभाळ जळणार नाही एवढं एक्सपोजर कमी ठेवायचं आणि खालची जमीन नंतर उचलायची. खरं सांगायचं तर भर उजेडात, ट्रायपॉडवर, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) १०० ला दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर प्रिंटमधे फरक ओळखणं कठीण आहे. म्हणून ज्याच्याकडे डी ७२०० सारखा कॅमेरा चांगला चालतोय त्यानं आधी लेन्स आणि ट्रायपॉड बदलावा असंच मी म्हणीन.

मला सगळ्यात जास्त फरक पडला तो व्ह्यूफाइंडरनं. नागपूरच्या उन्हात मागची स्क्रीन दिसतच नाही, कितीही ब्राइटनेस वाढवा. झेड ५ मधे डोळा लावला की आतच हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, फोटो काढायच्या आधी कळतं आभाळ जाईल की राहील, आणि मॅन्युअल फोकस करताना आतल्या आत झूम करून पानाची शीर पाहता येते. आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, हाताची थरथर सावरणारं, त्याचं महत्त्व मला पेंचमधे कळलं, तिथं जिप्सीतून उतरता येत नाही, ट्रायपॉड लावायचा प्रश्नच नाही, पहाटेच्या कोवळ्या उजेडात हातानंच ओढ्याचा फोटो काढायचा, गाडी बंद करायला सांगायची, कोपर मांडीवर टेकवायचं, निघतो फोटो. ट्रायपॉडवर मात्र ते बंद ठेवते मी.

बॅटरीचं आधीच समजून घ्या. कंपनीच्या मोजणीत डी ७२०० एका चार्जवर १११० फोटो द्यायचा, झेड ५ चारशेच्या आसपास. पण माझ्या जुन्या ईएन-ईएल १५ बॅटऱ्या यात चालतात, म्हणून मला खर्च आला नाही, आणि नवीन सी वाली बॅटरी यूएसबी-सीनं गाडीतही चार्ज होते.

४५ मेगापिक्सलचा मोह मलाही झाला, डी ८५० किंवा झेड ७, दोघांचा आयएसओ ६४ पासून सुरू होतो, धबधब्याला शटर अजून लांबवायला तो उपयोगी पडतो. मग मी इंचांत हिशोब केला. २४ मेगापिक्सल म्हणजे ६००० बाय ४०००, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, २० बाय १३ इंचांची प्रिंट. ४५ वाल्याची २७ बाय १८. माझ्या घरात भिंती नागपूरच्या इतर घरांसारख्याच आहेत, २० बाय १३ पुष्कळ होते, आणि मोठी लावायची तर माणूस चार पावलं मागं उभा राहूनच पाहतो. मोठ्या फाइली म्हणजे मोठी हार्ड डिस्क, मोठा लॅपटॉप, आणि ट्रायपॉड थोडा जरी हलला तरी ते सगळं दिसणार. ज्यांना हॉटेलांसाठी, ऑफिसांसाठी भिंतभर प्रिंट विकायच्यात त्यांनी जरूर घ्यावा, त्यांचा पैसा वसूल होईल.

निकॉनच का, तर माझ्या लेन्स होत्या म्हणून, आणि माझ्या मैत्रिणीकडे निकॉन आहे म्हणून, लेन्स मागून आणता येते हे फार मोठं कारण आहे आणि लोक ते विचारातच घेत नाहीत. नवीन सुरू करणाऱ्यानं सोनीचा ए ७ थ्री, २०१८ चा, सेकंडहँड जरूर पाहावा, त्याला टॅमरॉन-सिग्माच्या लेन्स भरपूर, टॅमरॉन २८-२०० एफ २.८-५.६ तर एकटीच आपल्या विदर्भाला पुरेल अशी आहे, ५७५ ग्रॅम फक्त. कॅननच्या आरएफ माउंटमधे कॅननच्या स्वतःच्या लेन्स उत्तम आहेत, पण फुल फ्रेमला बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स फार थोड्या, म्हणून बजेट आधी नीट मांडा. फुजीचा एक्स-टी ५ हलका आणि ४० मेगापिक्सल, पायी फिरणाऱ्यांना तो आवडेल.

आता दुकानाचं, कारण यात माझे दोन महिने गेले. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, एका दुकानात २४-१२० इतरांपेक्षा बरीच स्वस्त सांगितली, मी जवळपास पैसे काढलेच होते. वॉरंटी कार्ड मागितलं तर म्हणे "ताई, वॉरंटी दुकानाची देतो ना." म्हणजे माल बाहेरून आणलेला, भारतातल्या वॉरंटीचा नाही. मी तशीच परत आले. लेन्समधे एक बारीक मोटर गेली तरी दुरुस्तीचा खर्च मोठा असतो, पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड याशिवाय नवीन लेन्स घेऊ नये. दुसऱ्या दुकानातल्या दादांनी मात्र सेकंडहँड बॉडी आणि ७०-२०० दोन्ही बाहेर फुटपाथवर नेऊन पाहू दिली, माझं कार्ड टाकून, अर्धा तास, मधे चहा पण सांगितला. मी काय काय पाहिलं ते सांगते, उपयोगी पडेल. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत जाळ्यासारखं काही दिसतं का पाहिलं, ती बुरशी. समोरच्या इमारतीचा बोर्ड मधे आणि मग चारही कोपऱ्यांत घेऊन एफ ४ आणि एफ ८ ला काढला, एकच कोपरा मऊ निघाला तर समजायचं की लेन्स कधीतरी पडलेली आहे. बॉडीनं एफ १६ ला कोऱ्या आभाळाचा फोटो, सेन्सरवरची धूळ त्यात काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो निघालेत तो आकडा, पाहिला. माउंटच्या स्क्रूंवर ओरखडे आहेत का पाहिलं, असले तर कोणीतरी उघडलेली असते. दादा शेजारी उभे राहून शांतपणे पाहत होते, एकदाही घाई केली नाही, म्हणून पुढचंही सगळं मी तिथूनच घेतलं.

नागपुरात एक गोष्ट बाकी गावांपेक्षा वेगळी आहे, ऊन. झेड ५ च्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ० ते ४० अंश दिलंय आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. मी बॅगेवर पांढरा दुपट्टा टाकते, बंद गाडीत कॅमेरा कधीच सोडत नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी आठनंतर टेलि लेन्स बाहेर काढतच नाही, कारण जमिनीवरून तापलेली हवा वर येते आणि दूरचं सगळं थरथरतं, त्यात फोकस चुकल्यासारखा फोटो येतो आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. लू सुटली असताना लेन्स बदलायची नाही, म्हणूनही २४-१२० सारखी एकच लेन्स बॉडीवर असणं बरं.

आणि पावसाळ्यात बुरशी. माझी एक ५० एमएम लेन्स मी कातडी कव्हरमधे घालून लोखंडी कपाटात ठेवली होती, जूनमधे ठेवली, दिवाळीत काढली, आत पांढरे धागे. तेव्हापासून हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटं आर्द्रता मोजायचं घड्याळ, ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचं, जेलचा रंग बदलला की गरम करून परत टाकायचं.

या सगळ्या जुळणीत एक कमी आहे आणि ती म्हणजे रात्र. एप्रिल-मेमधे उमरेडच्या पुढं, शहराचा उजेड मागं पडला की आकाशगंगा चांगली दिसते, पण एफ ४ ला २४ एमएमवर २० सेकंदांच्या पुढं गेलं की तारे लांबट होतात, मग आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा लागतो आणि जमीन दाणेदार येते. आता पैसे जमले की झेड २० एमएम एफ १.८ एस घ्यायचीय, तिच्या फिल्टरचा आकारही ७७ च आहे, म्हणजे तोच पोलरायझर, तोच एनडी. दिवाळीनंतर लोणारला जायचंय, विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद, काठावर उभं राहिलं की एका फोटोत मावत नाही, तिथं मात्र मैत्रिणीची १४-३० मागून नेणार आहे, आणि शेजारी २४-१२० उभी धरून सात-आठ फोटो जोडूनही पाहणार आहे, दोन्हींच्या प्रिंट काढून मग ठरवीन.